मदत हवी आहे: हिवाळ्यात लॅरमी ते रॉलिन्स गाडी कशी चालवता?

नमस्कार. आम्ही ऑगस्टमध्ये नाशिकहून कोलोरॅडोतल्या फोर्ट कॉलिन्सला आलो. नवऱ्याचं काम वायोमिंगमध्ये, रॉलिन्सला. मुलाची शाळा इथे. म्हणून एक शनिवार सोडून मी आणि मुलगा (वय ७) त्याच्याकडे जातो. २८७ नंबरच्या हायवेने लॅरमी, पुढे आय-८० हायवे. साधारण १६५ मैल.

मागच्या खेपेला फार घाबरले. बर्फ पडून दोन दिवस झाले होते, लॅरमी सोडलं तेव्हा आभाळ निळंशार. आर्लिंग्टनच्या पुढे वारा माळावरचा भुसभुशीत बर्फ उचलून रस्त्यावर आडवा नेऊ लागला. आधी धूर सरपटावा तसं डांबरावरून वाहत होतं, मिनिटभरात बॉनेटच्या पुढचं दिसेना. वर बघावं तर ऊन! मी ब्रेक दाबला, गाडी घसरली, मागून ट्रकचा भोंगा. थांबावं तर मागचा अंगावर येईल, चालावं तर पुढे कुणी थांबलेलं असेल. एरवी अखंड बडबडणारा मुलगा मागे गप्प. एल्क माउंटनच्या एक्झिटला कशीबशी बाहेर पडले आणि बराच वेळ तिथेच बसून राहिले.

परतीच्या दिवशी हायवे बंद, रस्ता अडवणारं फाटक खाली. फोनवरच्या नकाशाने लगेच एक गावाकडचा रस्ता सुचवला. मी निघणार होते, नवऱ्याने अडवलं.

बर्फ पडत नसताना हे होतं कसं? आणि त्या क्षणी नेमकं काय करायचं? अंदाजात बर्फ नाही म्हणून निघाले होते, मग निघण्याआधी बघायचं काय? कृपया अनुभव सांगा, पुढच्या शनिवारी जायचं आहे.

प्रतिसाद १
ताई, नवऱ्याने अडवलं ते फार बरं केलं. फाटक खाली असताना गावाकडच्या रस्त्याला कधीही जाऊ नका. तिथे बर्फ हटवणारा नांगर फिरत नाही, फोनला रेंज नसते, अडकलात तर कुणाला कळतही नाही. जुना ३० नंबरचा हायवेही अशा वेळी बंद असू शकतो.

तुम्ही पाहिलंत ते ग्राउंड ब्लिझर्ड. त्याला नवा बर्फ लागत नाही, सुटा बर्फ आणि वारा पुरतो. एल्क माउंटन डोंगराच्या बाजूने वारा दाबून येतो. १९७० मध्ये हा पट्टा खुला झाला, त्याआधीच तिथल्या जुन्या लोकांनी इथून रस्ता नेऊ नका म्हणून सांगितलं होतं. कडेला दिसणारी उंच लाकडी कुंपणं नंतर बर्फ अडवायला उभी केली.

निघताना बर्फापेक्षा वाऱ्याचा अंदाज बघा. वायोमिंगच्या ५११ या रस्ते-माहिती सेवेवर रस्त्याची स्थिती आणि कॅमेरे असतात. हलक्या, उंच गाड्यांना बंदी लागली असेल तर छोटी गाडी असली तरी मी निघत नाही. दिसेनासं झालं की ब्रेक न दाबता ॲक्सिलरेटर सोडा, दिवे लो बीमवर, आणि पहिली एक्झिट घ्या. लेनमध्ये थांबायचं नाही.

प्रतिसाद २
अडकलात तर गाडी सोडून चालत जाऊ नका. सायलेन्सरचं तोंड बर्फाने बुजलंय का ते आधी बघा, नाहीतर विषारी वायू आत येतो. तासाला दहाएक मिनिटंच इंजिन चालवा आणि वाऱ्याच्या उलट बाजूची काच बोटभर उघडी ठेवा. ब्लँकेट, पाणी, खाणं, फावडं, टॉर्च गाडीत हवंच. पेट्रोल अर्ध्या टाकीखाली जाऊ देऊ नका.

धागाकर्ती
दोघांचेही मनापासून आभार. सायलेन्सरचं मला माहीतच नव्हतं, अंगावर काटा आला. शनिवारी वाऱ्याचा इशारा आहे, म्हणून जाणं रद्द केलं. मुलगा रडला, पण त्याच्या बाबांना व्हिडिओ कॉल लावून दिला. अजून एक विचारते: ब्लँकेट आणि फावडं डिकीत ठेवू की मागच्या सीटवर? डिकीचं कुलूप गोठतं असं शेजारीण म्हणाली.