‘वनस्पतिजन्य चामडे’ म्हणजे नक्की कोणते?

पोफळबाग
कुडाळजवळच्या एका बचत गटाचे माहितीपत्रक मराठीत करते आहे. गटातल्या बायका दोन प्रकारच्या पर्सेस शिवतात. एक बाभळीची साल आणि हिरडा लावून कमावलेल्या चामड्याची, म्हणजे जनावराच्या कातड्याचीच. दुसरी अननसाच्या पानांच्या धाग्यापासून केलेल्या मालाची, ज्याला बाजारात ‘प्लांट लेदर’ म्हणतात. आधीच्या मसुद्यात दोन्हींना एकच शब्द आहे, ‘वनस्पतिजन्य चामडे’! ज्याला जनावराचे कातडे नको, तो नेमके तेच घरी घेऊन जाईल. पहिलीला ‘सालीवर कमावलेले’ म्हणता येईल. दुसरीला काय म्हणायचे?

शब्दवेडी
‘जन्य’ म्हणजे त्यापासून जन्मलेले. चामडे झाडाला लागत नाही, त्यामुळे पहिलीला तो शब्द लावणे चूकच. दुसरीसाठी ‘पर्णचर्म’ सुचवते. नेमका आहे, छोटा आहे.

रापण
ताई, पर्णचर्म म्हणून मालवणच्या बाजारात कोणी पर्स मागणार नाही. एसटीच्या सीटला आपण रेग्झिन म्हणत आलो. ते पूर्वी इंग्लंडात मँचेस्टरजवळ तयार होणाऱ्या मालाचे व्यापारी नाव. सुती कापडावर सेल्युलोजपासून केलेला लेप, म्हणजे तोही झाडाचाच की. लोकांनी शब्द उचलला, मराठी झाला. हेही ‘अननस लेदर’ म्हणून चालेल, चालू द्या.

पोफळबाग
रेग्झिन म्हटले की स्वस्तातली नक्कल डोळ्यांसमोर येते. या बायकांची मेहनत त्या रांगेत बसवायची नाही मला.

भाट्ये
शब्दाने फरक पडतो, अनुभव सांगतो. गेल्या वर्षी सिंधुदुर्गातल्या एका देवळात गेलो होतो, कमरेला निवडुंगापासून केलेला पट्टा. मेक्सिकोत 2019 पासून निघतो तो माल, भावाने पाठवलेला. दारावरचे काका म्हणाले, “चामड्याचो पट्टो भायर ठेवा.” मी सांगितले, हे झाडाचे आहे. काका म्हणाले, “दिसता चामड्यासारखा, मगे ता चामडाच.” मला त्यांचे पटले. पट्ट्यावर छापलेलेही लेदरच होते, मग त्यांनी ओळखायचे कसे?

घाटमाथा
म्हणूनच चामडे हा शब्द तिथे नको. ब्राझीलमध्ये 1965 पासून कायदा आहे, जनावराच्या कातड्याचे नसेल त्याला चामडे म्हणायचे नाही. इटलीनेही 2020 मध्ये तसाच नियम केला. हे शुद्धतेचे खूळ नाही, गिऱ्हाइकाच्या हक्काचा प्रश्न आहे. शिवाय अशा बहुतेक मालावर वरून पॉलियुरेथेनचा, म्हणजे एका प्लॅस्टिकचा, थर असतो. ‘वनस्पतिजन्य’ म्हणताना तोही सांगायला हवा.

रापण
मग नारळाच्या दुधाला दूध म्हणायचे नाही का? गाय कुठे आहे त्यात?

भाट्ये
आमच्याकडे नारळाचा रसच म्हणतात. सोलकढीत रस घालतात. दूध हे पुस्तकातून आले.

रापण
माझी आजी दूधच म्हणायची, आणि ती कधी पुस्तक वाचत नव्हती.

पोफळबाग
दुधावर नंतर बोलू. माल कसा दिसतो ते सांगते. वरून सुरकुतलेला, हाताला मऊ. उलट करून पाहिले की धागे दिसतात, कसेही पसरलेले, विणलेले नाहीतच. कार्मेन इहोसा या स्पॅनिश बाई चामड्याच्या धंद्याच्या सल्लागार म्हणून फिलिपिन्समध्ये गेल्या होत्या. तिथे अननसाच्या धाग्याचे तलम कापड पूर्वापार विणतात. त्यांनी तोच धागा न विणता दाबून थर केला, त्याचे ‘पिन्याटेक्स’ झाले. फळ काढल्यावर उरलेली पाने लागतात. दोडामार्गाकडच्या अननसाच्या बागांत ती ढिगाने पडलेली असतात. मी ‘अननसपानांचे कापड’ असे लिहू का?

घाटमाथा
विणलेले नाही तर कापड कसे? न विणता दाबून केलेल्याला नमदा म्हणतात. धनगर लोकरीचे असेच करतात, त्याला जेन म्हणतात. ‘अननसाचा नमदा’ हे खरे वर्णन.

शब्दवेडी
नमदा फारसी. त्यापेक्षा लेदर काय वाईट?

घाटमाथा
फारसीवर एवढा राग असेल तर ‘बाजार’ही टाका.

भाट्ये
केरळात नारळाच्या पाण्यावर जिवाणू वाढवतात, त्यांचा जो जाड पापुद्रा धरतो त्यापासून असाच माल करतात. त्याचे नाव ठेवले ‘मलाई’. लेदर नाही, चामडे नाही. मालाचे स्वतःचे नाव. बचत गटाने असेच काहीतरी करावे.

शब्दवेडी
चर्म नको तर निदान ‘कातडे’ घ्या. संस्कृतात कृत्ती म्हणजे कातडी, तिच्यावरून कात, त्यावरून कातडे. शंकर कृत्तिवास, सापाची कात. झाडाची पातळ सालही अशीच सुटते, म्हणून ‘पर्णकात’ शोभेल.

रापण
कात म्हटल्यावर आठवले. आजोबा सुती जाळी उकळत्या कातात बुडवायचे, पाण्यात कुजू नयेत म्हणून. खैराचा कात, चिपळूणकडून यायचा. जाळी तांबूस व्हायची, अंगणभर वास. त्याच कातावर चामडेही कमावतात. म्हणजे कातावर कमावले ते कातडे! शब्द तिथूनच आला असणार.

घाटमाथा
नाही. खैराचा कात क्वाथ म्हणजे काढा यावरून. हिंदीत कत्था, गुजरातीत काथो, त्यातला ‘थ’ पाहा. सापाची कात वेगळी. दोन्ही आज सारखे ऐकू येतात, एवढेच.

रापण
हिंदी-गुजरातीचा पुरावा आमच्या खैराला कशाला? आंजर्ल्यापासून वेंगुर्ल्यापर्यंत कातच म्हणतात, ‘थ’ कोणी उच्चारत नाही. जाळी कातात बुडवायच्या कामाला हर्णै-दाभोळकडे वेगळा शब्द होता असे ऐकले आहे. तिकडचे कोणी असेल तर सांगा, त्यावरून कळेल.

शब्दवेडी
शब्द कळला तरी कृत्ती कुठे जाते? मी आईला विचारते, ती दाभोळची.