बाबांची गाडी ऑनलाइन विकतेय, घेणारे सगळे अनोळखी. काय काय सांभाळू?

सुरंगी:
नमस्कार मंडळी. आम्ही मालवणचे. बाबांची २०१५ ची स्विफ्ट आहे, पेट्रोल, एमएच ०७ पासिंग. बाबा आता चालवत नाहीत, गाडी खळ्यात नुसती उभी असते म्हणून विकायला काढली. डीलरचा भाव फारच कमी वाटला म्हणून ऑनलाइन जाहिरात टाकली तर फोनवर फोन यायला लागले, त्यातले तिघं जरा पुढे आलेत. एक म्हणतो मी आर्मीत आहे, पोस्टिंग पुण्याला, गाडी न बघताच घेतो, टोकन पाठवतो फक्त मी पाठवलेला क्यूआर स्कॅन करा, आयकार्डचा फोटो पण पाठवलाय. दुसरे म्हापशाचे, भाव सगळ्यात चांगला देतायत पण म्हणतात पूर्ण रोख देतो आणि गाडी रविवारीच नेतो, नावाचं नंतर सावकाश बघू. तिसरे कुडाळचे शिक्षक, म्हापशावाल्यांपेक्षा पंधरा हजार कमी देतायत पण स्वतः येऊन गाडी बघून गेले. गाडीवर लोन होतं ते कधीच फिटलंय. बाबांना हे सगळं झेपणार नाही, मलाच बघायचंय. कोणाला देऊ आणि कागदांचं काय करू?

तिठ्यावरचो:
ताई, तो आर्मीवालो आताच्या आता ब्लॉक करा. बाइक विकताना माका पण असोच फोन इल्लो, तसाच आयकार्ड. पैसे घेवक क्यूआर स्कॅन करूचो लागना नाय आणि पिन घालूची तर नायच नाय. पिन घातली काय पैसे आपल्याच खात्यातसून जातत. आणि कोणाचे गेलेच तर १९३० ह्या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन करूचो, बँक उघडासर थांबू नकात.

ओरोस_रोड:
वरच्यांनी बरोबर सांगितलंय, तो विषय संपला. मला खरी काळजी म्हापशावाल्यांची वाटते. ते फसवे असतील असं नाही, पण "नाव नंतर करू" याला अजिबात हो म्हणू नका. आरसीवर ज्याचं नाव तोच मालक, मग गाडी कोणी का चालवेना. २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या केसमध्ये हेच सांगितलं, तिथे गाडी पुढे हातोहात विकली गेली होती, अपघात झाला तेव्हा ती भलत्याच माणसाकडे होती, तरी भरपाईची जबाबदारी आरसीवर नाव राहिलेल्या पहिल्या मालकावरच आली. उद्या बांद्याच्या पुढे गोव्यात कुठे काही झालं तर नोटीस तुमच्या बाबांच्या नावाने मालवणात येईल.

शिवाय गोव्यात गाडी कायमची द्यायची तर आधी ओरोसच्या आरटीओतून एनओसी, म्हणजे फॉर्म २८. मग तिकडे जीए नंबर आणि तिकडचा टॅक्स, तो खर्च त्यांचा, आणि बहुतेक तोच टाळायचा म्हणून नाव नंतर. कुडाळचे सर जिल्ह्यातलेच, त्यांना फॉर्म २९ आणि ३० वर काम होतं. २९ म्हणजे आपण गाडी विकली हे आरटीओला कळवणं, राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत. फॉर्म ३० म्हणजे नाव बदलायचा अर्ज, तो घेणाऱ्याने ३० दिवसांत. पण लोन फिटलं तरी आरसीवर बँकेचं नाव तसंच असतं बऱ्याच जणांचं, ते आधी बघा. असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ देऊन काढून घ्या, नाहीतर ट्रान्स्फर तिथेच अडेल. एचएसआरपी नंबरप्लेट बसवलीय का? २०१९ च्या आधीची गाडी आहे म्हणून विचारतो. ई-चलन बाकी असेल तर तेही भरून टाका.

आणि रोख नको. एका व्यवहारात २ लाख किंवा जास्त रोख घेणं आयकर कायद्यात बसत नाही, दंड घेतलेल्या रकमेएवढाच असतो आणि तो पैसे घेणाऱ्याला, म्हणजे तुमच्या बाबांना. आरटीजीएस नाहीतर एनईएफटी करा, दोन्ही आता रविवारी पण चालू असतं. पैसे आलेत हे त्यांच्या स्क्रीनशॉटवर किंवा एसएमएसवर मानू नका, बाबांच्या बँक ॲपमध्ये बॅलन्स दिसला की मगच चावी.

वाशिष्ठीकाठचा:
ताई, किनाऱ्यावरची गाडी म्हटली की बघणारा खाली वाकून आधी पत्रा बघतो, खाऱ्या हवेने कुठे गंज धरला असेल तर जाहिरातीतच फोटो टाका, नंतर भाव पाडायला निमित्त राहत नाही. आमच्या चिपळुणात २२ जुलै २०२१ च्या पुरानंतर तर "पाण्यात गेलेली का" हा पहिला प्रश्न, तुमच्याकडे सर्व्हिसची बिलं असतील तर तीच दाखवा. फोटोत नंबरप्लेट झाका आणि आरसी-आधारचे फोटो व्हॉट्सॲपवर कोणालाच पाठवू नका, तेच वापरून तुमच्याच गाडीची खोटी जाहिरात टाकून दुसऱ्याला गंडवतात. द्यायचीच वेळ आली तर झेरॉक्सवर आडवं लिहा, फक्त अमुक गाडीच्या विक्रीसाठी, आणि तारीख. टेस्ट ड्राइव्हला लायसन्स बघून घ्या, शेजारी आपलं माणूस बसलेलं हवं, एकट्याने न्यायची नाही, किती का सज्जन वाटेना.

सुरंगी:
खूप आभार सगळ्यांचे. आरसी बघितली, बँकेचं नाव अजून आहे! आणि आरटीओत दिलेला बाबांचा मोबाईल नंबर बंद झालाय. म्हापशाच्यांचा परत फोन आला, म्हणतात बाबांची सही घेऊन कोरे फॉर्म द्या, आमचा एजंट सगळं करेल.

ओरोस_रोड:
कोरे फॉर्म मुळीच नाही. घेणाऱ्याचं नाव, पत्ता, तारीख भरल्याशिवाय बाबांनी सही करायची नाही. कोऱ्या सहीवर गाडी तिसऱ्याला, चौथ्याला कुठेही जाते आणि नाव बाबांचंच राहतं. आधी परिवहनच्या साइटवर मोबाईल नंबर अपडेट करा कारण ट्रान्स्फरचा ओटीपी त्याच्यावरच येतो, आणि तो ओटीपी फोनवर मागितला तर द्यायचा नाही, समोर बसून अर्ज भरतानाच टाकायचा. मग बँकेचं नाव काढा. सरांना स्पष्ट सांगा की एवढे दिवस लागतील, थोडं टोकन खात्यावर घ्या आणि साधी पावती द्या. घेणारा खरा असेल तर थांबतो. पंधरा हजारांसाठी बाबांना या वयात कोर्टकचेरीत ओढू नका हो.

सुरंगी:
सरांशी बोलले, थांबतो म्हणाले. ओरोसला पण सोबत येतायत. इन्शुरन्स अजून पाच महिने आहे, तो त्यांनाच जातो का?

वाशिष्ठीकाठचा:
थर्ड पार्टी गाडीसोबत जातं, पण ओन डॅमेजसाठी, म्हणजे गाडीच्या स्वतःच्या नुकसानीसाठी, त्यांनी १४ दिवसांत कंपनीकडे नाव बदलायचा अर्ज करायला हवा, नाहीतर क्लेम अडकतो, सरांना आठवण करा. नो क्लेम बोनस मात्र बाबांचा, गाडीचा नाही. कंपनीकडून त्याचं पत्र घेऊन ठेवा, तीन वर्षांत बाबांच्या नावावर दुसरी गाडी घेतलीत तर प्रीमियममध्ये कामाला येईल. फास्टॅग गाडी देतानाच बंद करा, नाहीतर सर टोल पार करतील आणि पैसे बाबांच्या खात्यातून कटतील. आणि गाडी ज्या दिवशी द्याल त्या दिवशीच्या डिलिव्हरी नोटवर तारखेसोबत वेळ आणि किलोमीटरचं रीडिंग लिहून दोघांच्या सह्या घ्या, चलन आलं की हाच कागद दाखवावा लागतो.