सोडून दिलेलं ऋण: तुमचे अनुभव लिहा

बायबलमधल्या मत्तयच्या शुभवर्तमानाच्या 18 व्या अध्यायातला, येशूच्या दाखल्यातला चाकर आठवतोय ना? राजाने त्याचं दहा हजार तालान्तांचं, म्हणजे जन्मात न फिटणारं कर्ज माफ केलं आणि बाहेर पडल्या पडल्या यानं शंभर दिनारांसाठी सोबत्याचा गळा धरला. दिनार म्हणजे मजुराचा एका दिवसाचा रोज. म्हणजे ते शंभर दिनारही तीन-साडेतीन महिन्यांची कमाई, किरकोळ नव्हेत. आपल्याला दुखावलं जातं तेव्हा ते खरंच दुखतं, हे येशूने कुठं नाकारलंय?

सुवार्ता, म्हणजे येशूचा संदेश, सांगायला बसलं की समोरचा घड्याळ बघतो, हा माझा अनुभव. पण त्याच्याकडचं आपलं येणं (देणं लागतं ते) सोडून दिलं, वर काही हातावर ठेवलं, की तोच विचारतो, "का?" असं कुणाचं घडलंय? फसलेलंही लिहा.

*

माझ्या चुलतभावानं उसने नेले ते नेलेच. डायरीत त्या आकड्याखाली मी दोनदा रेघ मारली होती. दर रविवारी प्रभूच्या प्रार्थनेत 'ऋण' शब्द आला की माझी जीभ अडखळायची. शेवटी मुलाची लहान झालेली सायकल घेऊन त्याच्या दारात गेलो. त्यानं दार अर्धंच उघडलं. "दादा, पुढच्या महिन्यात नक्की..."

"त्यासाठी नाही आलो. ते मिटलं. ही तुझ्या पोरीला."

तो काहीच बोलला नाही, नुसती घंटी वाजवत राहिला. मग म्हणाला, "डोकं ठिकाणावर आहे ना तुझं?" तेव्हा सांगितलं, माझंही कुणीतरी फेडलंय. दोन वाक्यं, बस्स. उपासनेला तो अजून आलेला नाही. घरी मात्र येतो, आणि आल्यावर माझ्या डोळ्याला डोळा भिडवून बोलतो.

*

मी ख्रिस्ती नाही, तरी लिहिते. आईच्या आजारपणात एक बाई डबा द्यायच्या. तिसऱ्या दिवशी डब्याखाली पत्रक निघालं आणि घास घशाखाली उतरेना. आजारी माणसाच्या घरात असं करू नये. दुसऱ्या एक होत्या, आईशी वर्षानुवर्षं अबोला धरलेल्या. त्या आल्या, चादरी धुऊन वाळत घातल्या आणि गेल्या. चार दिवसांनी आईनंच त्यांना हाक मारून विचारलं, "तुझा राग कुठं गेला गं?" मग दोघी बराच वेळ बोलत बसल्या. काय बोलल्या ते मी ऐकलं नाही.

*

(धागाकर्ता) पत्रकाचं पटलं. उजव्या हाताचं डाव्याला कळू नये म्हणतात, इथं तर पावतीच जोडली!

*

माझा फसलेला. सहकारी माझं काम स्वतःच्या नावावर खपवायची. तिचं मूल आजारी पडलं तेव्हा मी तिच्या पाळ्या केल्या. पुढच्याच महिन्यात तिनं पुन्हा तेच केलं. येशूने सत्तर गुणिले सात वेळा क्षमा करा म्हटलंय, म्हणजे 490, अजून पुष्कळ शिल्लक आहेत! पण फायली आता मी कुलपात ठेवते. मारहाण सोसणाऱ्या बहिणीला "क्षमा कर आणि परत जा" म्हणणाऱ्यांनाही माझं हेच सांगणं आहे. क्षमा करता येते, त्यासाठी त्या घरात परत जावं लागत नाही.

*

मी घेणाऱ्या बाजूचा. पोरवयात एका कारखान्यात कामाला होतो, गल्ल्यातून थोडे थोडे उचलायचो. पुढं विश्वासात आल्यावर बायबलमधल्या जक्कय जकातदारानं लुबाडलेल्याचं चौपट परत करायचं ठरवलं तसे चौपट पैसे घेऊन मालकांकडे गेलो. पाय लटपटत होते. त्यांनी कपाटातून जुनी खतावणी काढली. खर्चाच्या बाजूला माझं नाव, पुढं जवळपास तीच रक्कम, आणि कारणाच्या रकान्यात त्यांच्या अक्षरात 'दिले'.

"तुम्हाला माहीत होतं?"

"घरी नड होती ना तुझ्या," म्हणाले, आणि पाकीट माझ्याकडे परत सरकवलं.