बोटीचं आऊटबोर्ड इंजिन गरम होऊन राहिलं आणि फुल थ्रॉटलला जोर सोडते, थर्मोस्टॅट काढून टाकू का?

वैनगंगा_फायबर:
नमस्कार मंडळी. आंभोऱ्याकडं गोसेखुर्दच्या बॅकवॉटरात मासेमारीसाठी आमची फायबरची बोट आहे, तिला २५ एचपीचं टू स्ट्रोक आऊटबोर्ड, दोन सिलिंडरवालं, सेकंडहँड घेतलेलं. स्लोमध्ये कितीही वेळ चालवा काही नाही, पण फुल थ्रॉटल दिलं की जरा वेळानं जोर कमी कमी होत जाते मग बजर वाजते आणि हेडला हात लावला तर चटकाच बसते. बंद ठेवून थंड होऊ दिलं की चालू, आणि मग पुन्हा तेच. मागून पाण्याची धार येऊन राहिली म्हणजे पंप ठीक असावा असं वाटते. प्लग नवे टाकले, कार्बोरेटर साफ केला. नागपुरात बुलेट खोलणारे गल्लोगल्ली भेटतात पण आऊटबोर्ड म्हटलं की सगळे हात वर करतात. एक जण म्हणाला थर्मोस्टॅटच (इंजिन तापलं की पाण्याची वाट उघडणारी झडप) काढून फेक, इथं ४५ डिग्रीत त्याचं काय काम. काढू का?

इतवारी_स्पॅनर:
काढ न भाऊ बिनधास्त. जुन्या ट्रकचे आम्ही कितीक काढले, काही होत नाही. नाहीतर कारचा जुना पडला असेल तो बसवून पाहा, माप जुळलं तर.

रत्नागिरी_खलाशी:
दादा थांबा, अजून त्याला हात लावू नका. आणि कारचा तर अजिबात नको, कारचा उघडतो ८० च्या वर, आऊटबोर्डचा साधारण ५० ते ६० ला, कारण इथे पाणी गोल फिरत नाही, तळ्यातून येतं आणि तळ्यातच जातं. काढून टाकला तर इंजिन थंडच राहतं, प्लग काळे पडतात, स्लोला धूर नि खरखर. आणि हवा ४५ असली तरी तळ्याचं पाणी ४५ नसतं हो.

तुमच्या लिहिण्यात खरी गोष्ट ही आहे की स्लोला ठीक आणि फुलला गरम. थर्मोस्टॅट बंद अडकला असता तर स्लोलाही तापलं असतं. फुलला तापतंय म्हणजे जेवढं पाणी पाहिजे तेवढं वर पोचत नाहीये. आणि ती धार बघून पंप ठीक आहे असं धरू नका, बऱ्याच इंजिनांत ती धार हेडमध्ये जायच्या आधीच फुटते, वर पाणी कमी पडलं तरी धार दिसते. उलटंही होतं, नळीत मातीचं घर करणारी माशी बसली की पंप चांगला असूनही धार बंद, मग लोक उगाच पंप खोलतात.

आता सांगा, जोर जातो तेव्हा आवाज खाली बसतो की उलट वर चढतो?

वैनगंगा_फायबर:
बसतो. एकदम जड होऊन जाते.

रत्नागिरी_खलाशी:
मग थ्रॉटल अजून मारू नका अशा वेळी!! टू स्ट्रोकमध्ये तापलं की पिस्टन फुगून सिलिंडरला आवळतो, तेच ते जड होणं, तिथे जोर लावला की जाम. आवाज वर चढला असता तर पंख्याच्या (पाण्यातल्या प्रोपेलरच्या) आतलं रबर घसरतंय किंवा पंखा हवा ओढतोय असं म्हटलं असतं. एकदा टाकीच्या झाकणाचा हवेचा स्क्रू पण बघून घ्या, तो बंद राहिला तर पेट्रोल कमी येतं, मिश्रणात हवा जास्त होऊन टू स्ट्रोक तसंही तापतं. जोर जाताना पेट्रोलच्या नळीवरचा रबरी बल्ब दाबून बघायचा, इंजिनने जोर उचलला तर भानगड पेट्रोलची.

नसेल तर पाणी आत ओढायची खालची जाळी. तिकडे जलपर्णी आहे का?

कुही_भंडारा_रोड:
आहे का म्हणजे काय बाप्पा, नाग नदीची सगळी घाण कन्हानमार्गे तिथंच तर जाते, जलपर्णी काहून नाही वाढणार. आमच्या बोटीच्या जाळीत तिची मुळं केसासारखी अडकतात, वरून दिसत नाही, जाळीचा स्क्रू काढून आत हाताचं बोट फिरवलं तर गोळाच निघते. आणि धरण उतरलं की गाळ, तो पंपाचं रबर खाऊन टाकते. आम्ही तर पावसाळा संपला की इंपेलर (पंपातलं पातीवालं रबरी चाक) बदलूनच टाकतो, किट मुंबईहून मागवा, इथं शोधत बसू नका. अजून एक, इंजिन ट्रान्समवर (बोटीच्या मागच्या फळीवर) किती उंच बसलं ते पाहा. पंख्याच्या वरची आडवी पाती बोटीच्या तळाच्या रेषेत किंवा इंचभर खाली पाहिजे. फायबरवाल्यांनी फळी ठोकून वर उचललं असलं तर वेग घेतला की पाण्यासोबत हवाही जाते आत, मग पंप काय पिणार.

वैनगंगा_फायबर:
पाहिलं सगळं. स्क्रू उघडा होता, बल्ब दाबून काही फरक नाही. उंची बरोबर निघाली. जाळीत थोडी मुळं होती, काढली, तरी तेच. मग खालचं गिअरचं युनिट उतरवलं, गिअरचा रॉड सोडायला जाम त्रास झाला. पंपात इंपेलरची दोन पाती तुटलेली, बाकीची एका बाजूला वाकून लाकडासारखी कडक. खालच्या स्टीलच्या पट्टीवर बोटाला लागेल अशी गोल चर. एका पातीचा तुकडा पंपातच भेटला, दुसरा भेटून नाही राहिला. थर्मोस्टॅट गरम पाण्यात टाकून पाहिला, उघडते.

इतवारी_स्पॅनर:
चला थर्मोस्टॅट वाचला 😀

रत्नागिरी_खलाशी:
तो दुसरा तुकडा सापडल्याशिवाय बंद करू नका, नवा इंपेलर टाकूनही तापत राहील. तो वर जाणाऱ्या पाण्याच्या नळीत नाहीतर थर्मोस्टॅटच्या खालच्या खोबणीत बसलेला असतो. थर्मोस्टॅट काढलेलाच आहे तर तिथून खाली बागेच्या पाइपने पाणी सोडा, उलट्या दिशेने बरेचदा निघतो. चर पडलेली पट्टी आणि वरची वाटी दोन्ही बदला, फक्त रबर बदलून पाणी गळतच राहणार. बसवताना ग्लिसरीन लावा, शाफ्ट वरून बघता घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवत वाटी दाबा, म्हणजे पाती बरोबर वाकतात. इंपेलर शाफ्टला अडकवणारी छोटी चावी (धातूचा तुकडा) पडून हरवते, तिला ग्रीसने चिकटवून ठेवा.

वैनगंगा_फायबर:
निघाला तुकडा दादा! नळीतून नाही, थर्मोस्टॅटखालूनच. किट मागवलं. आता घरीच ड्रममध्ये फुल देऊन पाहू का, आंभोऱ्याला न्यायच्या आधी?

रत्नागिरी_खलाशी:
ड्रममध्ये फक्त स्लो. पाणी त्या आडव्या पातीच्या बरंच वर पाहिजे, कोरडं तर एक क्षणही नको, नवा इंपेलर तिथेच जळेल. फुल दिलं की सायलेन्सरचा धूर त्याच ड्रममध्ये बुडबुडे करतो आणि पंप ते ओढतो, म्हणजे चांगलं इंजिनही तापलेलं दिसेल. फुलची परीक्षा बॅकवॉटरातच, काठाजवळ, वल्ही सोबत घेऊन.