बर्मिंगहॅमच्या लँडलाइनवर ठाण्याहून स्वस्तात फोन कसा करावा?

पाचपाखाडीकर (प्रश्न):
माझी मोठी मावशी १९७१ साली परिचारिका म्हणून इंग्लंडला गेली आणि आजही बर्मिंगहॅममध्ये एकटीच राहते. तिची दृष्टी आता इतकी अधू झाली आहे की स्मार्टफोन तिला वापरता येत नाही. मोठ्या बटणांचा घरचा लँडलाइन हाच तिचा आधार आहे. इकडे माझी आई ७८ वर्षांची असून दर रविवारी संध्याकाळी ताईशी अर्धा-पाऊण तास बोलल्याशिवाय तिला चैन पडत नाही. पूर्वी मी स्काइपमध्ये पैसे भरून थेट लँडलाइनला फोन लावून देत असे, परंतु मे २०२५ मध्ये स्काइप बंद झाले आणि व्हॉट्सॲपवरून लँडलाइन लागत नाही. त्यानंतर एका स्वस्त म्हणवणाऱ्या ॲपमध्ये ५०० रुपये भरले, तर जाहिरातीतल्या दराने जितकी मिनिटे मिळायला हवी होती, त्याच्या निम्मीही मिळाली नाहीत. मी घरी नसताना आईला स्वतः फोन लावता येईल असा परवडणारा मार्ग कोणी सुचवू शकेल का?

नेरूळवासी:
तुमची मिनिटे कुठे गेली असावीत, याचा अंदाज मला माझ्याच अनुभवावरून येतो. माझ्या ॲपमध्ये प्रत्येक फोन जोडला जाताच वेगळे जोडणी शुल्क कापले जात होते आणि अर्धवट मिनिट पूर्ण मिनिट म्हणून धरले जात होते. त्याहून मोठी गळती आन्सरिंग मशीनची होती. पलीकडे माणसाने फोन उचलला काय किंवा मशीनने उचलला काय, आकारणी त्याच क्षणी सुरू होते. त्यामुळे तीनदा मशीन लागले की तीनदा शुल्क गेले. मावशींच्या फोनचे मशीन अधिक वेळ घंटी वाजल्यानंतरच सुरू होईल अशी व्यवस्था तिकडच्या कोणा नातेवाइकाकडून करून घ्यावी, कारण अधू दृष्टीच्या माणसाला फोनपर्यंत पोहोचायला वेळ लागतो. पैसे डॉलरमध्ये कापले जात असतील तर कार्डाच्या बँकेचे परकीय चलन शुल्कही त्यात मिळवावे. व्हायबर आउटसारख्या सेवेतून लँडलाइनला फोन करता येतो. मात्र पैसे भरण्यापूर्वी शिल्लक रकमेची मुदत अवश्य वाचावी.

वाशी, निवृत्त दूरध्वनी कर्मचारी:
आईंनी स्वतः फोन लावायचा असेल, तर ॲपपेक्षा त्यांच्या नेहमीच्या सिमकार्डावर आयएसडी, म्हणजे परदेशी फोनचा पॅक घेणे मला अधिक योग्य वाटते. दर पाहताना ब्रिटनचा लँडलाइन आणि ब्रिटनचा मोबाइल हे दोन वेगळे दर असू शकतात, हे ध्यानात ठेवावे. फोन ज्या परदेशी जाळ्यावर पोहोचवायचा, त्याला द्यावे लागणारे शुल्क सारखे नसते. ०१ किंवा ०२ ने सुरू होणारे क्रमांक लँडलाइनचे आणि ०७ ने सुरू होणारे मुख्यतः मोबाइलचे असतात. बर्मिंगहॅमचा ०१२१ भारतातून लावताना सुरुवातीचे शून्य गाळून +४४ १२१ असा लावावा आणि तसाच आईंच्या फोनमध्ये साठवून ठेवावा. अनेकांचा फोन केवळ त्या शून्यामुळे लागत नाही.

पॅकची किंमत छापील मिनिटांनी न भागता मुदतीत प्रत्यक्ष बोलल्या जाणाऱ्या मिनिटांनी भागावी. समजा चार रविवारी प्रत्येकी ४० मिनिटे बोलणे होते, म्हणजे १६० मिनिटे झाली. १०० मिनिटांचा पॅक कितीही स्वस्त दिसला, तरी उरलेल्या ६० मिनिटांना मूळ चढा दर लागला तर तो महागच पडेल. ॲपविषयी कोणाच्या मनात कायद्याची शंका असेल, तर १ एप्रिल २००२ पासून भारतातून इंटरनेटद्वारे परदेशातील दूरध्वनीवर बोलण्यास परवानगी आहे. विदेश संचार निगमची परदेशी दूरध्वनीवरील मक्तेदारी संपली तीही त्याच सुमारास. एसटीडी-आयएसडीच्या पिवळ्या बूथमध्ये मीटरकडे डोळे लावून, घाईघाईने खुशाली विचारणारी माणसे मी वर्षानुवर्षे पाहिली आहेत, म्हणून एवढे सविस्तर लिहिले.

खारघरकर:
फोनची दिशा उलटी करून पाहिली आहे का? ब्रिटनमध्ये लँडलाइनवर परदेशी फोनसाठी मासिक जादा योजना मिळू शकतात. मावशींच्या फोनच्या एखाद्या बटणावर आईंचा क्रमांक बसवून दिला, तर त्यांना आकडे वाचावे लागणार नाहीत आणि आईंना येणारा फोन विनामूल्य राहील. मात्र असा फोन कोणत्याही स्वस्त मध्यस्थामार्फत आला आणि आईंच्या पडद्यावर +४४ ऐवजी भारतातला क्रमांक दिसला, तर तो अनधिकृत यंत्रणेतून आलेला असू शकतो. केंद्र सरकारच्या संचार साथी संकेतस्थळावर, भारतीय क्रमांक दाखवून येणाऱ्या परदेशी फोनसाठी असलेल्या वेगळ्या सुविधेत त्याची तक्रार करावी. ब्रिटनमधील जुने तांब्याच्या तारांवरचे दूरध्वनी जाळे जानेवारी २०२७ पर्यंत बंद होणार असल्यामुळे, मावशींचा फोन इंटरनेटवर गेल्यानंतर वीज गेली तर तो चालेल का, हेही विचारून ठेवावे.

पाचपाखाडीकर:
सर्वांचे मनापासून आभार. जुना हिशेब पुन्हा तपासला असता पहिल्या रविवारी पाच वेळा आन्सरिंग मशीन लागल्याचे दिसले. मावसभावाने आता घंटीची वेळ वाढवून दिली आहे. आईच्या फोनवर मी लँडलाइनचा पॅक भरला असून क्रमांक +४४ सह साठवला आहे. मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडची घड्याळे बदलतात आणि आपल्यातले अंतर साडेपाच तासांवरून साडेचार आणि पुन्हा साडेपाच होते, म्हणून ते दोन्ही रविवार आईने भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल शाईने खुणावून ठेवले आहेत. मावशीच्या जादा योजनेची चौकशी मावसभाऊ या आठवड्यात करणार आहे. दर कळले की येथे लिहीन.