भेसळ आणि ग्राहकाचा हक्क

भेसळयुक्त पनीर विकणाऱ्यावर ग्राहकानेच थेट खटला भरावा, असं काहीजण सुचवतात. तळमळ पटते, पण कायदा बदललाय. १९५४ च्या भेसळ प्रतिबंधक कायद्यात अन्न तपासणाऱ्या सरकारी विश्लेषकाचा अहवाल जोडून ग्राहकालाच फौजदारी तक्रार करता यायची. त्याच्या जागी आलेल्या २००६ च्या अन्नसुरक्षा व मानके कायद्यात कलम ४० नुसार फी भरून नमुना तपासून घेता येतो. दोष आढळल्यास फी परत मिळते, मात्र खटल्याची पुढची वाट अन्नसुरक्षा विभागाच्या अधिकाऱ्यामार्फतच. हे मला फार खटकतं. आणि हो, तपासणीचा इरादा खरेदीच्या वेळीच दुकानदाराला सांगावा लागतो! नुकसानभरपाईसाठी जिल्हा ग्राहक आयोग आहेच. वस्तूसाठी मोजलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही, वकीलही सक्तीचा नाही. पावती तेवढी जपून ठेवा.