मुदत संपलेल्या विंडोजवर दुसऱ्यांची कागदपत्रे ठेवण्याचा अधिकार आपल्याला आहे का?

धागाकर्ता: तापीकाठ (जळगाव)

विंडोज १० चा सपोर्ट, म्हणजे त्रुटी दुरुस्त करणारी नियमित अपडेट, मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी बंद केला. तरीही जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतील ऑनलाइन फॉर्म भरून देणारी केंद्रे, झेरॉक्सची दुकाने, कर सल्लागारांची कार्यालये आणि अडत दुकाने यांतील कितीतरी संगणक आजही त्याच प्रणालीवर चालू आहेत. काही ठिकाणी तर १४ जानेवारी २०२० रोजीच सपोर्ट संपलेली विंडोज ७ अजूनही रोज सकाळी सुरू होते. "चालतोय ना, मग कशाला हात लावायचा?" हा त्यामागचा विचार मला समजतो आणि तो मी मूर्खपणाचा मानत नाही. माझा आक्षेप एकाच प्रकारच्या संगणकाला आहे: ज्यावर दुसऱ्या माणसाची कागदपत्रे आहेत आणि जो इंटरनेटला जोडलेला आहे.

केळीच्या फळपीक विम्याच्या दिवसांत रावेर-यावलकडच्या एखाद्या केंद्रात जाऊन संगणकाचा पडदा पाहावा. डेस्कटॉपवर गावांच्या नावांची फोल्डरे असतात आणि त्यांत आधार कार्ड, सातबारा, पासबुकाचे पहिले पान आणि मोबाइल क्रमांक लिहिलेला कोरा कागद असे सगळे स्कॅन करून ठेवलेले असते. बाजूला दुकानाच्या मोबाइलचे व्हॉट्सॲप वेब दिवसभर उघडे असते, त्यावर लोक फोटो पाठवत राहतात आणि ते डाउनलोड्समध्ये साचत जातात. पावती दिली की काम संपते, कागद मात्र तिथेच राहतात, कारण पुढच्या हंगामात तोच शेतकरी पुन्हा येणार असतो.

सपोर्ट संपला म्हणजे संगणक बंद पडत नाही, आणि गैरसमज इथेच होतो. विंडोज १० आणि विंडोज ११ यांच्या आतील बराचसा भाग सारखा आहे. दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी ११ साठी सुरक्षा अपडेट येते, तेव्हा दुरुस्तीआधीची आणि नंतरची फाइल ताडून पाहणाऱ्या जाणकाराला नेमकी त्रुटी कुठे होती ते कळते. तीच त्रुटी १० मध्येही असली, तर ती तिथे कायमची उघडी राहते. म्हणजे नव्या प्रणालीची प्रत्येक दुरुस्ती जुन्या प्रणालीवर हल्ला कसा करावा याची माहिती देऊन जाते. स्वतःच्या फोटोंच्या बाबतीत हा धोका कुणी पत्करला तर तो त्याचा प्रश्न आहे. शेतकऱ्याच्या पासबुकाच्या बाबतीत तो पत्करण्याचा अधिकार आपल्याला नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रतिसाद: खिळे आणि शाई (अमळनेर)

मी मुद्रक आहे आणि मला आपले म्हणणे अर्धवट वाटते. आमच्या छापखान्यात पेजमेकर ७ हे पानांची मांडणी करणारे सॉफ्टवेअर चालते. त्या सॉफ्टवेअरची ही शेवटची आवृत्ती २००१ ची आहे हे मला ठाऊक आहे, पण लग्नपत्रिका, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल आणि शाळांच्या स्मरणिका यांच्या वर्षानुवर्षांच्या फाइली त्याच स्वरूपात आहेत. त्यांतील मराठी मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे आजच्या सर्वत्र चालणाऱ्या लिपिसंकेतात नाही, जुन्या फॉन्टमध्ये आहे, आणि तो नव्या संगणकावर उघडला तर जोडाक्षरांच्या जागी निव्वळ चिन्हांचा चुरा दिसतो. त्या फॉन्टचे सॉफ्टवेअर मागच्या बाजूला डोंगल, म्हणजे परवान्याची छोटी चावी, लावल्याशिवाय सुरू होत नाही, आणि आमच्या डोंगलचा ड्रायव्हर फक्त जुन्या धाटणीच्या ३२ बिट प्रणालीसाठी मिळतो. विंडोज ११ ची ३२ बिट आवृत्तीच नाही. मग मी नेमके काय करावे? लग्नसराईत ग्राहक दारात उभा असताना पंचवीस वर्षांचा संग्रह नव्याने टंकत बसावे का?

दुसरी गोष्ट अशी की सपोर्ट असलेली प्रणाली म्हणजे सुरक्षित प्रणाली, हे समीकरणच मला मान्य नाही. १२ मे २०१७ रोजी वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस जगभर पसरला आणि फाइली कुलूपबंद करून बिटकॉइनमध्ये ३०० डॉलर मागू लागला, तेव्हा त्याला बळी पडलेल्या संगणकांपैकी बहुसंख्य विंडोज ७ चे होते, त्याहून जुन्या विंडोज एक्सपीचे नव्हते. विंडोज ७ चा सपोर्ट तेव्हा पूर्ण चालू होता.

तापीकाठ:

आपण दिलेले उदाहरण खरे आहे, पण त्याचा निष्कर्ष मला उलटा दिसतो. ज्या त्रुटीतून वॉनाक्राय शिरला, तिची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजीच दिली होती, म्हणजे हल्ल्याच्या जवळजवळ दोन महिने आधी. ज्यांनी ती बसवली त्यांचे संगणक त्या वाटेने गेले नाहीत. ज्यांनी अपडेट बंद करून ठेवले होते, ते सापडले. पुढे जून २०१७ मध्ये नॉटपेट्या या दुसऱ्या व्हायरसने इतर मार्गांबरोबर हीच त्रुटी वापरली आणि आपल्याच राज्यात जेएनपीटीच्या (न्हावा शेवा बंदराच्या) एका टर्मिनलचे काम ठप्प झाले. दुरुस्ती उपलब्ध असून न बसवल्याने एवढे होत असेल, तर जिथे दुरुस्ती येणारच नाही तिथली स्थिती बरी कशी म्हणावी? आपल्याकडे तर दुकानात संगणक घेतानाच क्रॅक केलेली विंडोज टाकून अपडेट बंद करून देतात, ज्यांचा सपोर्ट कधी सुरूच झाला नव्हता असे हे संगणक आहेत, आणि यावर कुणी बोलत नाही.

आपल्या डोंगलबद्दल मात्र मी वाद घालणार नाही. तो संगणक जरूर ठेवावा, फक्त त्याची नेटची वायर काढावी आणि ग्राहकाचा ईमेल, पेमेंट, जीएसटी ही कामे दुसऱ्या यंत्रावर न्यावीत.

प्रतिसाद: काटेवाला (धरणगाव)

आमच्या जिनिंगच्या वजनकाट्यावर विंडोज ७ आहे आणि मी ती बदलणार नाही. काट्याच्या इंडिकेटरमधून नऊ पिनांची सिरियल केबल संगणकात येते, पडद्यावर वजन स्थिरावले की मुनीम एक बटण दाबतो आणि डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर तीन प्रतींची पावती निघते. कापसाच्या हंगामात बाहेर गाड्यांची रांग लागलेली असताना हा संगणक अपडेटसाठी स्वतःहून बंद होऊन पुन्हा सुरू व्हायला लागला, तर शेतकरी माझ्याच नावाने ओरडतील. त्याला इंटरनेट नाही आणि कधी नव्हते. नव्या मदरबोर्डवर तो सिरियल पोर्टसुद्धा सहसा मिळत नाही.

तापीकाठ:

इंटरनेट नसेल तर आपला संगणक माझ्या आक्षेपाच्या बाहेर आहे. एकच विचारतो, दिवसभराच्या वजनांचा हिशेब संध्याकाळी कार्यालयातील टॅलीपर्यंत कसा जातो?

काटेवाला:

पेनड्राइव्हने.

तापीकाठ:

भाऊ, मग तो पेनड्राइव्ह हाच आपला इंटरनेट आहे. २००८ चा कॉन्फिकर हा व्हायरस पेनड्राइव्हमधूनही पसरला होता, आणि सगळी फोल्डरे लपवून त्यांच्या जागी शॉर्टकट दाखवणारा व्हायरस तर आपल्याकडच्या प्रत्येक झेरॉक्स दुकानाने पाहिलेला आहे. काट्यासाठी एक वेगळा पेनड्राइव्ह ठेवावा, तो मुनीमाने मुलाच्या प्रोजेक्टसाठी घरी नेऊ नये, आणि दोन्ही संगणकांवरचा ऑटोरन (पेनड्राइव्ह लावताच त्यातले आपोआप सुरू होणे) बंद करावा. खर्च नाही, फक्त शिस्त लागेल.

प्रतिसाद: पांझरा (धुळे)

मी संगणक दुरुस्तीचे काम करतो. या धाग्यात सगळा दोष वापरणाऱ्याच्या माथी मारला जातो आहे, याचे मला वाईट वाटते. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही संगणकातील सुरक्षा चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारणपणे आठव्या पिढीपासूनचा लागतो, म्हणजे २०१७ च्या सुमारास सातव्या पिढीचा चांगला आय ५ घेतलेल्या माणसाचा संगणक कंपनीच्या एका यादीमुळे बाद ठरला. असे संगणक माझ्या टेबलावर रोज येतात. त्यात एसएसडी (वेगवान डिस्क) टाकली, रॅम ८ जीबी केली की ते टॅली, ब्राउझर आणि प्रिंटर हे सगळे आणखी पाच-सात वर्षे सहज सांभाळतील. धडधाकट यंत्र भंगारात घालायला लावणे आणि त्याला सुरक्षा म्हणणे मला पटत नाही. तो ई-कचरा शेवटी कुठे जातो, हेही मी पाहतो: तांब्यासाठी वायरी जाळणाऱ्यांकडे.

शिवाय घाबरून जाण्याचे कारण नाही. विंडोजसोबत येणाऱ्या डिफेंडर या अँटिव्हायरसची व्हायरस ओळखणारी माहिती विंडोज १० ला ऑक्टोबर २०२८ पर्यंत मिळत राहणार आहे, असे मायक्रोसॉफ्टनेच जाहीर केले आहे. घरगुती वापरासाठी वाढीव सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहेत. त्यांसाठी ३० डॉलर भरावेत, किंवा मायक्रोसॉफ्टच्या खात्यात सेटिंग्ज साठवायला परवानगी द्यावी, म्हणजे ती फुकट मिळतात. माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या नऊ जणांना हे माहीतच नसते. धागाकर्त्यांनी भीती घालण्याआधी हे सांगायला हवे होते.

तापीकाठ:

वाढीव अपडेटची माहिती आपण दिली हे फार बरे झाले, ज्यांना लागू आहे त्यांनी आजच नोंदणी करावी. मात्र ती सोय घरगुती वापरासाठी आहे. व्यवसायांचा दर वेगळा आहे, तो पहिल्या वर्षी प्रत्येक संगणकामागे ६१ डॉलर असून दर वर्षी दुप्पट होत तीन वर्षे चालतो. तिसऱ्या वर्षी २४४ डॉलर भरण्यापेक्षा त्यात थोडी भर घालून वापरलेला आठव्या पिढीचा संगणक घेणे शहाणपणाचे ठरेल.

डिफेंडरविषयी मात्र मी सहमत नाही. तो ओळखीचा व्हायरस अडवतो, पण प्रणालीतील त्रुटी बुजवणे हे त्याचे काम नाही. ज्या हल्ल्यात ओळखण्यासारखी फाइल डिस्कवर येतच नाही, तिथे त्याची मदत तोकडी पडते. कंपनीने अन्याय केला असेल, तोही मी मान्य करतो. पण त्या अन्यायाची किंमत फॉर्म भरायला आलेल्या माणसाने का द्यावी, याचे उत्तर आपल्या प्रतिसादात मला सापडले नाही.

प्रतिसाद: सातपुडा (शहादा)

विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत प्रणाली टाकावी. पांझरा यांच्या टेबलावरच्या सातव्या पिढीच्या संगणकावर ती उत्तम चालते, नियमित अपडेट मिळतात, इनस्क्रिप्ट कीबोर्डने मराठी टंकता येते आणि पैसे पडत नाहीत. आमच्या शाळेची संगणक खोली अशीच चालते. यंत्र भंगारात जाणे किंवा धोका पत्करणे, एवढेच दोन मार्ग आहेत असे या धाग्यात गृहीत धरले गेले आहे, आणि ते चूक आहे.

प्रतिसाद: सातपाणी (नंदुरबार)

शाळेत चालेल, केंद्रात चालत नाही. मी ऑनलाइन सेवा केंद्र चालवतो. बोटांचे ठसे घेणारे आमचे यंत्र घेताना विक्रेत्याने सोबत विंडोजचाच ड्रायव्हर दिला, आणि टॅली लिनक्सवर थेट चालत नाही. अक्कलकुवा-धडगावकडून बसने येणारा माणूस ठसा जुळला नाही तर रिकाम्या हाताने परत जातो, आणि त्याचा दिवसभराचा रोज बुडतो. त्याच्यासमोर मी नवी प्रणाली शिकत बसू शकत नाही. माझे संगणक विंडोज १० वर आहेत, ते पुढच्या वर्षी बदलेन, पण आज मी बंद करू शकत नाही. बंद केले तर त्या माणसाचे काम कोण करणार, हा प्रश्नही त्याच्या हिताचाच आहे, हे तापीकाठ यांनी लक्षात घ्यावे.

प्रतिसाद: केळीबाग (रावेर)

मी या चर्चेत दुसऱ्या बाजूची आहे, म्हणजे जिचे कागद त्या फोल्डरात पडलेले आहेत ती. वडिलांचा विमा अर्ज, माझ्या शिष्यवृत्तीचा फॉर्म, भावाचा जातीचा दाखला हे सगळे एकाच केंद्रातून भरले गेले. त्या संगणकात कोणती विंडोज आहे हे आम्हाला दिसत नाही आणि कुणी सांगतही नाही. येथे मुद्रक, काटेवाले, दुरुस्ती करणारे सगळे आपापल्या अडचणी सांगत आहेत आणि त्या खऱ्या आहेत, परंतु आमची संमती कुणी घेतली होती का, हे कुणी विचारले नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात माहिती सुरक्षित ठेवण्यासाठी वाजवी उपाय न केल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. गावातल्या केंद्राला तेवढा दंड व्हावा असे मला मुळीच वाटत नाही. पण काम झाल्यावर माझ्या वडिलांचे पासबुक त्या संगणकावरून पुसले जावे, एवढी अपेक्षा नवा संगणक न घेताही पूर्ण करता येते.

सातपाणी:

ताई, हे मला मान्य आहे. रोज संध्याकाळी डाउनलोड्स आणि रिसायकल बिन रिकामे करणे, व्हॉट्सॲप वेब लॉगआउट करणे, हे मी आजपासून सुरू करतो. ज्या अर्जांत त्रुटी निघून परत येण्याची शक्यता असते, त्यांचे कागद मात्र मंजुरीपर्यंत ठेवावेच लागतील.

खिळे आणि शाई:

माझे मूळ मत बदललेले नाही, पेजमेकरचा संगणक जिथे आहे तिथेच राहील. नेटची वायर काढण्याची सूचना मात्र व्यवहार्य आहे, कारण त्या यंत्रावर नेट लागते ते केवळ ग्राहकाने पाठवलेला फोटो उतरवण्यापुरते. तो मोबाइलवरून दुसऱ्या संगणकावर घेता येईल. तिथून डिझाइनपर्यंत पुन्हा पेनड्राइव्हच लागणार, म्हणून धरणगावच्या भाऊंना दिलेला सल्ला मलाही लागू होतो.

पांझरा:

मी अजूनही म्हणतो की खर्चाचा भार चुकीच्या खांद्यावर टाकला जातो आहे. शासकीय सेवांचे दर ठरलेले आहेत, केंद्रचालक ते स्वतः वाढवू शकत नाही, आणि नव्या संगणकासाठी त्याला कुणी अनुदान देत नाही. ज्या व्यवस्थेला या केंद्रांतून लोकांची कामे करून घ्यायची आहेत, तिनेच केंद्रात कोणती प्रणाली असावी हे ठरवावे आणि त्याचा खर्चही द्यावा. ते होईपर्यंत सातव्या पिढीचा संगणक माझ्याकडे आला, तर मी त्यात एसएसडी टाकून, वाढीव अपडेट मिळण्याजोगी असतील तर ती सुरू करूनच परत देईन.

तापीकाठ:

खर्च व्यवस्थेने द्यावा या मागणीवर माझी सही आहे, आणि तसे निवेदन जिल्हाधिकारी कार्यालयात द्यायचे असेल तर मसुदा मी लिहून देतो. परंतु मंजुरी येईपर्यंत विम्याचा एखादा हंगाम निघून जाईल. तेवढ्या काळासाठी केंद्रचालकांनी निदान बँकेचे व्यवहार आणि ग्राहकांची कागदपत्रे एकाच जुन्या यंत्रावर ठेवू नयेत, हा माझा आग्रह कायम आहे. पांझरा यांनी वाढीव अपडेटची नोंदणी कशी करायची ते टप्प्याटप्प्याने मराठीत लिहून येथे टाकावे, म्हणजे ज्यांना ती मिळू शकते त्यांना ती करता येईल.